वॉर्साच्या जुन्या शहरातील ‘मोफत’ पायी फेरी

परदेशातील शहरात ‘मोफत’ हा शब्द वाचला की आपल्याकडचा माणूस आधी खिसा चाचपतो, आणि त्यात वावगे काही नाही. गेल्या मे महिन्यात मी आणि माझी पत्नी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे अशा एका मोफत पायी फेरीला गेलो, तेव्हा शेवटी आपल्याला एखाद्या दुकानात नेऊन बसवतील, अशी आमची जवळजवळ खात्रीच होती. तसे झाले नाही. एका तरुण, अभ्यासू आणि खणखणीत आवाजाच्या गाइडने आम्हाला अडीच तास जुने शहर हिंडवून दाखवले आणि निघताना आम्ही दोघांनी मिळून शंभर झ्लोटी, म्हणजे आपले एकवीसशे रुपयांच्या आसपास, तिच्या हातात ठेवले. फेरी चांगली होती, आणि वॉर्साला जाणाऱ्या कोणालाही मी ती पहिल्याच दिवशी करायला सांगेन. परंतु तिचे ‘मोफत’ हे नाव दिशाभूल करणारे आहे आणि त्या नावाचा परिणाम केवळ आपल्या खिशावर नव्हे, तर गाइड काय सांगते आणि काय गाळते यावरही होतो, असे माझे मत झाले आहे.

नोंदणी सोपी होती. आदल्या रात्री संकेतस्थळावर दिवस, वेळ, भाषा आणि माणसांची संख्या निवडली, नाव आणि ई-मेल दिला आणि दोन मिनिटांत ‘तुमची जागा राखून ठेवली आहे’ असे उत्तर आले. कार्डाचा क्रमांक कोठेही मागितला नाही. सकाळी साडेदहाला राजवाड्यासमोरच्या चौकात, उंच स्तंभाच्या पायथ्याशी, रंगीत छत्री शोधायची, एवढीच सूचना होती. तिथे पोहोचलो तेव्हा वेगवेगळ्या रंगांच्या चार-पाच छत्र्या दिसल्या, म्हणजे मोफत फेऱ्यांचाही एक छोटासा बाजार तेथे भरतो. आमच्यासारखे दोघे-तिघे चुकीच्या छत्रीखाली उभे राहिले आणि त्यांना हसतमुखाने योग्य छत्रीकडे पाठवले गेले. आमच्या गटात साधारण पंचवीस माणसे होती. सुरुवातीलाच गाइडने सर्वांचा एकत्र फोटो काढला. आम्हाला तो आठवणीसाठी वाटला, पण अशा फेऱ्या चालवणाऱ्या अनेक संस्था गाइडकडून दर माणशी ठरावीक रक्कम घेतात आणि हा फोटो म्हणजे डोकी मोजण्याची सोय असते, हे ठाऊक असल्यामुळे मी तिला चालता चालता तसे विचारले. तिने उत्तर द्यायचे टाळले आणि हसली. मी पुन्हा विचारले नाही.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. पोलंडमध्ये २०१४ पासून शहरात गाइडचे काम करण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही. पूर्वी त्यासाठी परीक्षा द्यावी लागे. आता छत्री घेऊन कोणीही उभे राहू शकते. त्यामुळे अशा फेरीचा दर्जा सर्वस्वी त्या दिवशीच्या गाइडवर अवलंबून असतो आणि संस्थेच्या नावावर विसंबण्यात फारसा अर्थ नाही. आमचे नशीब चांगले होते. आमच्या गाइडने इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतले होते, तिचे इंग्रजी स्वच्छ आणि सावकाश होते, आणि ज्या ठिकाणी तिला माहिती नव्हती त्या ठिकाणी ‘मला माहीत नाही’ हे वाक्य ती न अडखळता बोलत होती, जे गाइडच्या तोंडून मी आयुष्यात फार कमी वेळा ऐकले आहे.

सुरुवात स्तंभापासूनच झाली. त्यावर उभा असलेला राजा म्हणजे तिसरा सिगिस्मंड वासा, ज्याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजधानी क्राकूवहून वॉर्साला हलवली. स्तंभ त्याच्या मुलाने १६४४ मध्ये उभारला. एका हातात क्रूस आणि दुसऱ्या हातात तलवार घेतलेला हा राजा १९४४ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन सैन्याने स्तंभासह खाली पाडला आणि १९४९ मध्ये नव्या दगडी खांबावर तो पुन्हा चढवला गेला. एवढे कोणत्याही पुस्तकात मिळते. गाइडने मात्र आम्हाला तेथून राजवाड्याच्या बाजूला नेले. तेथे गवतावर जुन्या खांबांचे तुकडे आडवे पडलेले आहेत: एक मूळचा तांबूस संगमरवरी आणि एक त्यानंतर बसवलेला, युद्धात कोसळलेला ग्रॅनाइटचा. भोवताली ना कुंपण, ना पहारा. शाळकरी मुले त्यावर बसून डबा खात होती. ‘हे वॉर्सातले सर्वांत प्रामाणिक स्मारक आहे’, असे ती म्हणाली, आणि तोच मुद्दा पुढच्या दोन तासांचा धागा ठरला: या शहरात जे जुने दिसते ते बहुतेक नवे आहे आणि जे खरोखर जुने आहे ते बहुतेक मोडलेले आहे.

राजवाड्यात ही फेरी आत नेत नाही, आणि नेऊही नये, कारण त्यासाठी वेगळा अर्धा दिवस लागतो. १९३९ मध्ये तो जळला, १९४४ मध्ये सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आला आणि नंतर जवळजवळ तीन दशके तेथे मोकळी जागा होती. पुनर्बांधणीचा निर्णय १९७१ मध्ये झाला आणि लोकवर्गणीतून उभा राहिलेला राजवाडा १९८४ मध्ये लोकांसाठी खुला झाला. लोकवर्गणीचा उल्लेख आला तेव्हा पत्नीने मला हळूच शनिवारवाड्याची आठवण करून दिली. १८२८ च्या आगीनंतर आपल्याकडे जोती उरली, दरवाजा उरला आणि वाड्याची कल्पना करण्याचे काम गाइडकडे आले. कोणता मार्ग बरा, यावर दोघांत पुढची दहा मिनिटे कुजबुज चालली आणि त्यात राजवाड्याच्या घड्याळाविषयी गाइड जे सांगत होती ते आमचे निसटले.

पुढे सेंट जॉन कॅथीड्रल लागते. त्याच्या बाजूच्या भिंतीत एक गंजलेला लोखंडी पट्टा बसवलेला आहे. वॉर्साच्या लोकांनी १९४४ मध्ये जर्मनांविरुद्ध केलेल्या उठावाच्या वेळी जर्मन सैन्याने स्फोटके वाहून नेण्यासाठी जी दूरनियंत्रित यंत्रे वापरली, त्यांपैकी एका यंत्राचा तो पट्टा आहे. डोळ्यांच्या उंचीच्या जरा वर, विटांच्या रांगेत, एखाद्या मोठ्या सायकलच्या साखळीसारखा. एकट्याने फिरताना मी त्याच्या शेजारून दहा वेळा गेलो असतो तरी तो मला दिसला नसता. पायी फेरीला पैसे का द्यावेत, याचे माझ्या दृष्टीने पुरेसे उत्तर त्या पट्ट्यात आहे.

कॅथीड्रलच्या मागे कानोन्या नावाचा छोटा चौक आहे, तेथे तडा गेलेली सतराव्या शतकातील एक मोठी घंटा जमिनीवर ठेवलेली आहे. तिच्या काठावर हात ठेवून तीन प्रदक्षिणा घातल्या की भाग्य उजळते, अशी समजूत. पंचवीस माणसांनी तीन-तीन प्रदक्षिणा घालायला किती वेळ लागतो हे मी घड्याळ लावून पाहिले: अकरा मिनिटे. त्यानंतर बाजारचौकात तलवार आणि ढाल घेतलेल्या जलपरीची कथा झाली, जी शहराच्या राजमुद्रेवर आहे आणि जिचा तेथील मूळ पुतळा १८५५ मधला. लोभी व्यापाऱ्याने तिला पकडले, कोळ्यांनी सोडवले, म्हणून ती शहराचे रक्षण करते. मग जवळच्या गल्लीतल्या तळघरात राहणाऱ्या आणि नजरेने माणसांना दगड करणाऱ्या बॅसिलिस्क नावाच्या प्राण्याची कथा झाली, ज्याला आरसा दाखवून मारले. कथा तिने रंगवून सांगितल्या, लहान मुले खूश झाली, मोठ्यांनी फोटो काढले. तरीही पुढे उठावाचा विषय निघाला तेव्हा तिला वारंवार घड्याळाकडे पाहावे लागले आणि मला त्या घंटेच्या अकरा मिनिटांचा राग आला.

बाजारचौक हे या फेरीचे हृदय आहे आणि येथेच तिची ताकद आणि तिचा दोष दोन्ही मला एकत्र दिसले. चारही बाजूंनी निमुळत्या, रंगीत, चित्रे कोरलेल्या इमारती, मध्ये जलपरी, कडेने छत्र्यांखाली कॉफी पिणारे लोक. हे सर्व सतराव्या-अठराव्या शतकातले वाटते. प्रत्यक्षात वॉर्साच्या ऐतिहासिक भागाचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग १९४४ मध्ये नष्ट झाला होता आणि हा चौक १९५३ च्या जुलैमध्ये पुन्हा खुला झाला, म्हणजे तो माझ्यापेक्षा फार तर चार-पाच वर्षांनी मोठा आहे. गाइडने पिशवीतून एक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला काळा-पांढरा फोटो काढला, आम्ही ज्या कोपऱ्यात उभे होतो तोच कोपरा, आणि तो डोळ्यांसमोर अशा अंतरावर धरला की फोटोतल्या एका उभ्या राहिलेल्या भिंतीची कड समोरच्या घराच्या कडेशी जुळली. बाकी फोटोभर विटांचे ढीग होते. गटातल्या सगळ्यांच्या हातून तो फोटो फिरला आणि तेवढा वेळ कोणी कोणाशी बोलले नाही.

यानंतर तिने सांगितले की अठराव्या शतकातील दरबारी चित्रकार बेर्नार्दो बेलोत्तो, जो आपल्या मामाचे कानालेत्तो हे नाव लावीत असे, त्याच्या चित्रांवरून हे सगळे जुने शहर पुन्हा बांधले गेले. ही कथा सुंदर आहे आणि वॉर्सामध्ये ती सगळीकडे ऐकू येते. पण ती पुरती खरी नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाड्यात ती चित्रे पाहिली. त्यांत मोठे राजरस्ते, चर्च, सरदारांचे वाडे आहेत, जुन्या शहराच्या आतल्या गल्ल्या जवळजवळ नाहीत. चित्रांचा उपयोग झाला तो मुख्यतः राजरस्त्यांवरील इमारतींसाठी. जुन्या शहरासाठी खरा आधार होता तो वॉर्सा पॉलिटेक्निकच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी युद्धापूर्वी आणि युद्धाच्या काळात घरोघर फिरून, मोजमापे घेऊन केलेल्या आराखड्यांचा. ते आराखडे प्योत्रकूव या गावातील मठात लपवून ठेवले गेले, म्हणून वाचले. १९४५ मध्ये राजधानीच्या पुनर्रचनेसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले, त्या कार्यालयाचे दप्तर २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत गेले. जुने शहर स्वतः १९८० मध्येच जागतिक वारशाच्या यादीत आले होते. मोजपट्टी घेऊन हिंडणारी पोरे ही चित्रकाराच्या कुंचल्याइतकी देखणी गोष्ट नाही, हे मान्य. पण माझ्या मते ती अधिक मोठी गोष्ट आहे आणि ती या फेरीत आली नाही.

मी हे तिला चालताना विचारले. तेव्हा कळले की तिला हे सगळे उत्तम ठाऊक होते. आराखडे, मठ, आणि शिवाय १९४५ च्या ऑक्टोबरमधील तो हुकूम, ज्याने वॉर्सातील सर्व जमीन शहराच्या मालकीची केली, ज्यामुळे एवढी पुनर्बांधणी एका हाती करता आली आणि ज्यामुळे जुन्या मालकांच्या वारसांचे दावे आजही न्यायालयात आहेत. समोरच्या घरांचे दर्शनी भाग जुन्या धर्तीचे असले तरी आत कामगारांसाठी आधुनिक सदनिका केल्या, दाट मागची बांधकामे पुन्हा उभारलीच नाहीत आणि अंगणे मोकळी सोडली, भिंतींवरची चित्रे पन्नासच्या दशकातल्या चित्रकारांनी काढली. हे सगळे तिने पाच मिनिटांत, इतर मंडळी आईस्क्रीम घेत असताना, मला सांगितले. मग हे सर्वांना का सांगत नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, “जमिनीच्या मालकीवर बोलले की लोक मोबाइल काढतात.” आणि लोकांनी मोबाइल काढलेला गाइडला परवडत नाही, हे तिने म्हटले नाही तरी मला समजले.

बार्बिकन ही तटबंदीची गोल देवडी, लाल विटांची, मूळ सोळाव्या शतकातील, हीसुद्धा पन्नासच्या दशकात पुन्हा बांधलेली. तेथून नव्या शहरात शिरल्यावर फ्रेता रस्त्यावर मादाम क्युरी यांचे जन्मघर लागते. येथे आम्ही पाच मिनिटेसुद्धा थांबलो नाही आणि मला ते खटकले. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकात मादाम क्युरी फ्रान्सच्या म्हणून भेटतात. त्या १८६७ मध्ये या घरात जन्मल्या आणि त्यांनी शोधलेल्या मूलद्रव्याला आपल्या देशाच्या नावावरून पोलोनियम हे नाव दिले तेव्हा नकाशावर स्वतंत्र पोलंड नव्हता, एवढे तरी थांबून सांगण्यासारखे आहे. ज्यांना यात रस आहे त्यांनी नंतर स्वतः परत यावे. तेथे संग्रहालय आहे.

तटाच्या कडेने जाताना एका लहान मुलाचा पुतळा आहे. डोक्यावर मोठ्या माणसाचे शिरस्त्राण, ते डोळ्यांवर घसरलेले, हातात बंदूक. १९४४ च्या उठावातील बालकांचे हे स्मारक १९८३ मधले. तेथे कोणीतरी नुकतीच लाल-पांढरी फुले ठेवली होती, पोलंडच्या ध्वजाच्या रंगांची. फेरीची अखेर होते ती क्रासिन्स्की चौकात, उठावाच्या मोठ्या स्मारकापाशी. येथे तिने गोष्टी बाजूला ठेवल्या. १ ऑगस्ट १९४४, संध्याकाळी पाच वाजता सुरू झालेला आणि ६३ दिवस चाललेला उठाव, नदीपलीकडे येऊन थांबलेले सोव्हिएत सैन्य, दीड ते दोन लाख नागरिकांचा मृत्यू, उरलेल्यांची शहराबाहेर हकालपट्टी आणि मग रिकाम्या शहरात एकेक इमारत ठरवून पाडण्याचे काम. स्मारकाजवळच रस्त्यात गटाराचे झाकण आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला जुने शहर हातचे गेले तेव्हा सुमारे पाच हजार माणसे या भागातून भूमिगत गटारांत उतरून शहराच्या मध्यभागी पोहोचली. गाइड त्या झाकणाच्या बाजूला उभी राहून हे सांगत होती आणि आवाज एकदाही चढवत नव्हती. दरवर्षी १ ऑगस्टला पाच वाजता भोंगे वाजतात आणि वॉर्सा जागच्या जागी थांबते, बसगाड्या, पादचारी, सगळे. तिच्या आजीचा हात धरून ती लहानपणी कशी थांबली होती, हे तिने दोन वाक्यांत सांगितले आणि फेरी संपली.

संपली म्हणजे आता पैशांची वेळ आली. माझ्या मते कोणत्याही मोफत फेरीतला हा सर्वांत अवघड प्रसंग. दीड-दोन लाख मृतांच्या उल्लेखानंतर अर्ध्या मिनिटात पाकीट काढायचे, ही गोष्ट कोणालाच सहज जमत नाही. ती म्हणाली, “आवडले असेल तर तुम्हाला योग्य वाटेल ते द्या, नसेल आवडले तर का ते सांगा.” चौघेजण त्याआधीच, बार्बिकनपाशी, गर्दीत विरघळले होते. एका विद्यार्थ्याने वीस झ्लोटी दिले आणि दोनदा क्षमा मागितली. एका कुटुंबाने दोनशेची नोट दिली. कार्डाने पैसे घेण्याचे छोटे यंत्रही तिच्याकडे होते, त्यामुळे ‘सुटे नाहीत’ ही सबबही उरली नव्हती. पत्नी मराठीत मला विचारत होती की दोघांचे पन्नास पुरेत की शंभर, आणि मी समोर पाहत हसरा चेहरा ठेवून “शंभर, शंभर” असे पुटपुटत होतो.

नारदीय कीर्तनाला तिकीट नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. पूर्वरंग होतो, उत्तररंग होतो, आरतीचे ताट फिरते, आणि शेजारचा काय टाकतो इकडे तिरका डोळा ठेवून आपण टाकतो. परंतु तेथे बुवांची बिदागी देवस्थानाने आधीच ठरवलेली असते. ताटात काय पडले यावर बुवांच्या घरची चूल अवलंबून नसते, म्हणून बुवा श्रोत्यांना चार खडे बोलही सुनावू शकतात. या फेरीत ताट हीच बिदागी आहे. संस्थेने दर माणशी रक्कम आकारली असेल, तर बार्बिकनपाशी नाहीशी झालेली चार माणसे गाइडला उलट खर्चात टाकून गेली. अशा व्यवस्थेत घंटेभोवतीच्या प्रदक्षिणांना अकरा मिनिटे मिळणार आणि जमिनीच्या हुकुमाला शून्य, यात त्या मुलीचा दोष फारसा नाही. माझा आक्षेप रकमेवर नाही. तीच फेरी पन्नास झ्लोटींचे तिकीट लावून केली असती तर मी आनंदाने काढले असते आणि आराखड्यांची गोष्ट सगळ्यांना ऐकायला मिळाली असती. जाणाऱ्यांनी दर माणशी चाळीस ते साठ झ्लोटी मनात धरूनच जावे, नोट वेगळ्या खिशात घडी घालून ठेवावी, म्हणजे स्मारकासमोर कुजबुज करावी लागत नाही. लहान मुलांचे वेगळे द्यावे असे मला वाटत नाही, पण तशी मुले गटात असतील तर कथांना जास्त वेळ जाणार हे गृहीत धरावे.

व्यवहाराच्या काही बाबी. रस्ता सगळा दगडी फरसबंदीचा आहे, वर-खाली, फटींचा. अंतर फार नसले तरी गुडघेदुखी असलेल्यांना अडीच तास उभे राहणेच जड जाते आणि संपूर्ण फेरीत बसायला एकदाच, तेही दहा मिनिटे मिळते. ध्वनिवर्धक नव्हता; आवाज चांगला असूनही मागच्या सहा-सात जणांना बाजारचौकातल्या वादकामुळे काही ऐकू आले नाही, तेव्हा गाइडच्या जवळ राहावे. स्वच्छतागृहाला पैसे पडतात आणि दारावर पुरुष-स्त्री असे चित्र नसून त्रिकोण आणि वर्तुळ असते: त्रिकोण पुरुषांचा, वर्तुळ स्त्रियांचे. ही माहिती गाइडने पहिल्याच पाच मिनिटांत दिली, आणि पुढच्या आठ दिवसांत पोलंडमध्ये ती इतकी उपयोगी पडली की शंभरातले वीस झ्लोटी मी त्याच खात्यावर टाकतो. जेवणासाठी तिने ‘मिल्क बार’ सुचवले. सरकारी अनुदानावर चालणारी ही साधी खानावळ, आपल्या झुणका-भाकर केंद्रांच्या धर्तीची, फरक इतकाच की ती टिकली. बटाटा आणि ताज्या चीजचे सारण भरलेले पिरोगी, उकडलेल्या करंजीसारखे, तेथे शाकाहारी माणसाला पोटभर मिळतात. वर तळलेल्या मांसाचे तुकडे घालू नका, हे मात्र आधी सांगावे लागते.

ही फेरी फक्त जुन्या आणि नव्या शहराची आहे. ज्यूंच्या वस्तीचा, म्हणजे ज्या भिंतीच्या खुणा आज पदपथात लोखंडी पट्ट्यांनी दाखवल्या आहेत तिच्या आतला, १९४० ते १९४३ चा इतिहास वेगळ्या फेरीत सांगितला जातो. त्यासाठी आम्ही दुसऱ्या एका आयोजकाकडे दोन दिवसांनी नोंदणी केली होती. ठरलेल्या ठिकाणी वीस मिनिटे उभे राहिलो, छत्री आली नाही. नंतर ई-मेल उघडून पाहिले तर नोंदणी कमी झाल्याने फेरी रद्द, असा निरोप आम्ही घराबाहेर पडल्यानंतर आलेला. पैसे भरलेले नसल्यामुळे भांडायलाही जागा नाही. मोफत सेवेची ही दुसरी बाजू लक्षात ठेवावी आणि ज्या दिवशी दुसरा काही कार्यक्रम अडून राहणार नाही, अशाच दिवशी ती ठेवावी.

आता पहिल्या दिवशीच्या त्या चौकात परत जातो. पैसे देऊन झाल्यावर मी गाइडला विचारले की येथे जवळपास कोल्हापूरचा उल्लेख असलेला एक फलक आहे, तो कोठे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांना, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला होता. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आज कापडबाजारासाठी ओळखले जाणारे गांधीनगर वसले. माझे आजोळ तिकडचे. वळिवड्याच्या ‘गोऱ्या बायका’ बाजाराला येत आणि मराठीत भाव करीत, हे मी आजीकडून ऐकलेले. जामनगरच्या जामसाहेबांनी मुलांना दिलेला आसरा गाइडला ठाऊक होता, त्यांच्या नावाचा चौकही वॉर्सात आहे. कोल्हापूर तिने ऐकले नव्हते. “मला माहीत नाही,” ती म्हणाली, आणि पुढची फेरी पाऊण तासावर असूनही मोबाइल काढून शोधू लागली. दुसऱ्या महायुद्धातील, इटलीतल्या मॉन्टे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ, क्रासिन्स्की बागेच्या पलीकडच्या अंगाला, चालत दहा-बारा मिनिटे. तिने नकाशाचा फोटो मला पाठवला, गावाच्या नावाचा उच्चार दोनदा विचारून घेतला आणि छत्री घेऊन राजवाड्याकडे परत गेली.

बागेतून जायला आम्हाला दहाऐवजी पंचवीस मिनिटे लागली, कारण पत्नीच्या गुडघ्याने तोवर असहकार पुकारला होता. फलक लहान आहे, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही. रोमन अक्षरांत कोल्हापूरचे नाव सापडले तेव्हा तिने आधी ते बोटाने वाचले, मग पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि बागेतल्या पहिल्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली.